धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या म्युझियममधल्या त्या सगळ्यांना थँक्यू!

परवा आईला घेऊन तेरला गेलेलो, आधी गोरोबाकाकांचं दर्शन आणि मग लामतुरे म्युझियम. आईला हात धरून आत नेणारा पोरगा आणि ते काका, ज्यांनी हस्तिदंती बाहुलीबद्दल, तशीच एक पार इटलीतल्या जुन्या रोमन शहरात, पाँपेईत सापडली म्हणून, इतकं रंगून सांगितलं की आई गुडघेदुखीच विसरली, नावं विचारायची राहिली बघा. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या तेरचं नाव तगर, पार रोमपर्यंत व्यापार! आणि मोठं थँक्यू त्या गाववाल्यांना, ज्यांनी पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत सापडलेले मणी, मातीची खेळणी फेकली नाहीत, हे सगळं जमवणाऱ्या रामलिंगप्पा लामतुऱ्यांपर्यंत पोचू दिली. नाहीतर सगळं कुठल्यातरी शोकेसमध्ये गेलं असतं, मुंबईच्या नाहीतर लंडनच्या. बाहेर चहाचे पैसे न घेणाऱ्या मावशी, तुम्हालापण!