मालक शोधण्याआधी करार लिहून ठेवा

मा. संपादक,

नागपूरच्या एखाद्या फुटबॉल क्लबाला मोठा मालक मिळाला की हा संघ थेट देशपातळीवर खेळेल, असे मोतीबागच्या मैदानापासून कामठीपर्यंत सगळीकडे बोलले जाते. यात चूक काही नाही. पदाधिकाऱ्यांच्या खिशावर आणि सणासुदीला मिळणाऱ्या देणगीवर स्थानिक लीगपुढे जाता येत नाही. पण मालक आल्यावर क्लबाचे काय होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. त्याचा विचार करणारी चर्चा मात्र आपल्याकडे होत नाही, म्हणून हे पत्र.

पुण्याचेच बघा. पिरामल समूहाचा पुणे एफसी 2007 मध्ये उभा राहिला, 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, उपविजेता ठरला आणि 2015 मध्ये बंद पडला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सने आय-लीगचे दोन हंगाम खेळून 2017 मध्ये माघार घेतली. एफसी पुणे सिटीची इंडियन सुपर लीगमधली जागा 2019 मध्ये हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने 2021-22 मध्ये विजेतेपद मिळवले, पुढच्या दोन वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, मालक बदलला आणि 2025 मध्ये संघ दिल्लीला गेला. मुंबईत महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, तरी कंपनीने 2010 मध्ये संघ गुंडाळला. यांतले बहुतेक संघ मैदानावर वाईट खेळत होते म्हणून बंद पडले नाहीत. निर्णय कंपनीच्या बैठकीत झाला आणि त्या बैठकीत क्लबाच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते.

पैसा होता आणि मालकाची नियतही वाईट नव्हती, तरी क्लब घसरला, याचे उदाहरण पुण्याच्याच वेंकीज समूहाचे आहे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सने जॅक वॉकर या स्थानिक पोलाद व्यावसायिकाच्या पैशावर 1994-95 ची प्रीमियर लीग जिंकली होती. वॉकर यांनी 1991 मध्ये सूत्रे घेतली, केनी डॅल्ग्लिशसारखा प्रशिक्षक आणला, मैदान नव्याने बांधले आणि खेळाडूंची निवड प्रशिक्षकावर सोपवली. वेंकीजने नोव्हेंबर 2010 मध्ये तोच क्लब सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना घेतला. महिन्याभरात, संघ तेराव्या स्थानावर असताना, अनुभवी प्रशिक्षक सॅम अॅलर्डाइस यांना काढले. फेब्रुवारी 2011 मध्ये अध्यक्ष जॉन विल्यम्स पद सोडून गेले. व्यवहार समजणारी माणसे गेली आणि कारभार हजारो मैलांवरून चालू लागला. 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली आला, नंतरच्या हंगामात हेनिंग बर्ग हे प्रशिक्षक 57 दिवस टिकले आणि 2017 मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. मालकांनी पैसे घालणे थांबवले नव्हते. अलीकडे मात्र भारतातून क्लबाला पैसे पाठवायला न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागू लागली. मालकाच्या देशातली कायदेशीर अडचण अशी थेट क्लबाच्या पगारपत्रकावर येऊन आदळते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मुद्द्यावर येऊ. आपले बहुतेक क्लब संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेले आहेत. अशा क्लबाचा 'मालक' होता येत नाही. गुंतवणूकदार येतो तेव्हा वेगळी कंपनी काढली जाते आणि संस्थेकडचे खेळण्याचे हक्क, व्यवहारात ज्यांना स्पोर्टिंग राइट्स म्हणतात, ते त्या कंपनीकडे दिले जातात. सगळी मेख इथे आहे. हे हक्क कायमचे हस्तांतरित केले तर संस्थेच्या हाती फक्त लेटरहेड आणि जुन्या ट्रॉफ्या उरतात. ते ठराविक मुदतीसाठी, समजा 5 वर्षांसाठी, वापरायला दिले आणि अटी मोडल्यास आपोआप संस्थेकडे परत येतील असे कलम घातले, तर क्लब वाचतो.

कोलकात्याच्या ईस्ट बंगालने हा पेच पूर्ण अनुभवला. क्वेस कॉर्प ही कंपनी 2018 मध्ये 70 टक्के भागीदारीने आली, 2020 मध्ये गेली आणि हक्क परत मिळवेपर्यंत क्लब अडकून पडला. मग श्री सिमेंट आली. 2020 मध्ये प्राथमिक मसुद्यावर, म्हणजे टर्म शीटवर, सह्या झाल्या. अंतिम करारावर मात्र सदस्यांचे अधिकार आणि हक्कांच्या हस्तांतरणावरून 2021 चा अर्धा उन्हाळा गेला. संघबांधणी उशिरा झाली आणि 2021-22 मध्ये ईस्ट बंगाल अकरा संघांत तळाला राहिला. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे की टर्म शीटवर हंगाम सुरू करू नये. अंतिम करार खेळाडू नोंदणीची खिडकी उघडण्याच्या निदान 60 दिवस आधी झालेला असावा. नाही झाला तर त्या वर्षी जुन्या व्यवस्थेनेच खेळावे.

कोलकात्याच्याच मोहन बागानने 2020 मध्ये आरपीएसजी समूहाशी 80-20 चा करार केला, म्हणजे 80 टक्के समूहाकडे आणि 20 टक्के क्लबाकडे. हिरवा-मरून रंग आणि बोधचिन्हातली शिडाची होडी टिकली, पण क्लबाच्या नावाआधी समूहाच्या आधीच्या संघाचे 'एटीके' हे नाव लागले. ते काढून टाकायला समर्थकांना तीन वर्षे आंदोलन करावे लागले. 2023 मध्ये 'मोहन बागान सुपर जायंट' असे नाव झाले. नाव, रंग, बोधचिन्ह आणि गाव या चार गोष्टी संस्थेच्या सर्वसाधारण सभेतल्या दोन तृतीयांश मतांशिवाय बदलणार नाहीत, एवढे एक वाक्य सुरुवातीलाच लिहून घेतले तर हा सगळा शीण वाचतो. नाव आणि बोधचिन्हाची ट्रेडमार्क नोंदणीही संस्थेच्या नावाने आधीच करून ठेवावी. कंपनीने ती आपल्या नावाने केली की परत मिळवणे फार महाग पडते.

पैसा कोणत्या रूपात येतो, हे आपल्याकडे कोणी विचारतच नाही. मालक पैसे टाकतो म्हणजे तो ते देतो असे नाही. बहुतेक वेळा तो कर्ज देतो. कंपनीच्या ताळेबंदात 'संचालकांकडून असुरक्षित कर्ज' या ओळीत किती रक्कम आहे ते पाहावे. मालक निघाला की ती रक्कम तो परत मागू शकतो आणि नवा गुंतवणूकदार तेवढ्यावरून पळतो. इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबाचे थाई मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी 2013 मध्ये क्लबावरचे 10 कोटी 30 लाख पौंडांचे आपले कर्ज भागभांडवलात बदलले. पुढच्या वर्षी संघ प्रीमियर लीगमध्ये आला आणि 2016 मध्ये विजेता झाला. विजय काही ताळेबंदाने मिळत नाही, पण घेतलेला खेळाडू विकावा लागणार नाही एवढी शाश्वती त्याने मिळते. मँचेस्टर युनायटेडमध्ये 2005 साली उलटे झाले. ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबावरच टाकला आणि तिकिटांच्या कमाईतून व्याज जाऊ लागले. आपल्या करारात दोन गोष्टी हव्यात: मालकाचे निदान 75 टक्के पैसे भागभांडवल किंवा परत न मागण्याची देणगी म्हणून यावेत, आणि क्लबाची कोणतीही मालमत्ता वा येणी मालकाच्या दुसऱ्या धंद्यासाठी तारण पडू नयेत.

हमीचा आकडा काढणे अवघड नाही. समजा 24 खेळाडू, दरमहा सरासरी 12 हजार रुपये आणि 9 महिन्यांचा हंगाम. पगाराचे 25 लाख 92 हजार झाले. प्रशिक्षक, फिजिओ, मैदान, प्रवास, किट आणि पंचांचे मानधन धरून आणखी 11 लाख म्हटले तर खर्च 37 लाखांच्या आसपास जातो. स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबाच्या अध्यक्षपदाला उभे राहणाऱ्याला क्लबाच्या अंदाजपत्रकाच्या 15 टक्के रकमेची वैयक्तिक हमी द्यावी लागते. तोच हिशेब लावला तर इथे साडेपाच लाख रुपये होतात. ते कमी आहेत. किमान तीन महिन्यांचा पगार, म्हणजे 8 लाख 64 हजार, बँक हमी म्हणून संस्थेच्या हाती हवेत. नुसते पत्र किंवा पुढच्या तारखेचा धनादेश चालणार नाही. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, लेखी सूचना दिली आणि 15 दिवसांतही पैसे आले नाहीत, तर खेळाडू करार मोडून जाऊ शकतो. तीन महिन्यांची हमी मागायची ती यासाठीच: संघ फुटण्याआधी ती वटवता आली पाहिजे. इंग्लंडमधला 1885 साली स्थापन झालेला बरी क्लब 2018 मध्ये 1 पौंडात विकला गेला. नव्या मालकाकडे पैसे आहेत याचा पुरावा लीगच्या हाती कधी आलाच नाही आणि ऑगस्ट 2019 मध्ये बरीची लीगमधून हकालपट्टी झाली.

पगारावर किती खर्च करावा यालाही मर्यादा घाला. युरोपमध्ये युएफा या तिथल्या फुटबॉल महासंघाने खेळाडू, मुख्य प्रशिक्षक, बदली शुल्क (खेळाडू दुसऱ्या क्लबाकडून घेताना द्यायची रक्कम) आणि एजंटांवरचा खर्च उत्पन्नाच्या 70 टक्क्यांवर आणून ठेवला आहे. आपल्याकडे उत्पन्नात मालकाचा वार्षिक हप्ता धरावाच लागेल, पण लीगकडून काही मिळेल हे गृहीत धरू नका. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा 2010 चा 15 वर्षांचा, 700 कोटी रुपयांचा व्यावसायिक करार डिसेंबर 2025 मध्ये संपला. त्याच्या नूतनीकरणाचा घोळ सुरू असतानाच, ऑगस्ट 2025 मध्ये, बंगळुरू एफसीने पहिल्या, म्हणजे मुख्य संघाचे पगार थांबवले. हा क्लब जेएसडब्ल्यूने 2013 मध्ये काढला, पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली, 2016 मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाची अंतिम फेरी गाठली. चांगल्या मालकावरही अशी वेळ येते.

मैदानाबद्दल थोडक्यात. इंग्लंडच्या शेफील्ड वेन्सडे क्लबाने आपले हिल्सबरो मैदान मालकाच्याच कंपनीला विकले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि 12 गुण कापले गेले. नागपुरात मैदाने रेल्वेची, महापालिकेची, सुधार प्रन्यासाची किंवा शिक्षणसंस्थांची आहेत, त्यामुळे वापराचा परवाना संस्थेच्या नावावर राहील हे बघावे. ज्यांची स्वतःची जागा आहे त्यांनी लक्षात घ्यावे: विश्वस्त संस्थेची जागा विकायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर वर सांगितलेल्या 1950 च्या अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर तो व्यवहार टिकत नाही.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाच्या, बाबतीत बराच गैरसमज आहे. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), मॉइल किंवा बुटीबोरी-हिंगण्यातल्या कंपन्यांनी सीएसआरमधून संघ चालवावा, असे सुचवले जाते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा प्रशिक्षण बसते, पण जाहिरातीच्या फायद्यासाठी केलेले प्रायोजकत्व त्यात मोजले जात नाही. म्हणजे जर्सीवर कंपनीचे नाव छापून पहिल्या संघाचे पगार देणे सीएसआरमध्ये बसवायला जाऊ नये. 13 आणि 15 वर्षांखालील मुलामुलींचे प्रशिक्षण, प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम, मैदानाची देखभाल यांसाठी मागा. संस्थेकडे आयकर खात्याची 12ए आणि 80जी नोंदणी व सीएसआर निधी घेण्यासाठी भरलेला सीएसआर-1 अर्ज हवा. व्यावसायिक संघ आणि अकादमी यांची बँक खाती वेगळी ठेवा, नाहीतर लेखापरीक्षणात दोन्ही अडकतात.

अध्यक्षपदाचे काय? गुंतवणूकदाराचा माणूस कंपनीचा अध्यक्ष व्हायला हरकत नाही, पण संघनिवड, प्रशिक्षकाची नेमणूक आणि खेळाडूंची खरेदी यांत त्याचे एकच मत असावे. तांत्रिक समितीत परवानाधारक प्रशिक्षक हवा. अध्यक्षाच्या नातेवाइकाच्या किंवा त्याच्याच कंपनीच्या नावाने किट, बस, हॉटेल यांचे बिल आले तर ते संस्थेच्या प्रतिनिधीच्या सहीशिवाय चुकते होऊ नये. क्लब पोखरतो तो बहुधा अशा छोट्या बिलांतूनच. कंपनीच्या संचालक मंडळावर संस्थेचे निदान दोन प्रतिनिधी असावेत आणि नाव, मैदान, स्थलांतर या विषयांवर त्यांना नकाराधिकार असावा. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायला विसरू नका. जुन्याच पदाधिकाऱ्यांची नावे नोंदीवर राहिली तर गुंतवणूकदाराशी करार करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, यावरून सगळी कागदपत्रे वादात सापडतात.

माघारीचे कलम सर्वांत शेवटी लिहिले जाते, ते सर्वांत आधी लिहावे. मालकाला जायचे असेल तर हंगाम संपण्याच्या 180 दिवस आधी लेखी नोटीस, चालू हंगामाचा सगळा खर्च, चालू करारातल्या खेळाडूंची देणी आणि हक्कांची बिनशर्त परतफेड. याबरोबर अकादमीतल्या मुलांची महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीतली नोंद संस्थेच्या नावावरच ठेवावी. खेळाडूच्या पासपोर्टमध्ये, म्हणजे त्याच्या क्लबनोंदणीच्या इतिहासात, 12 व्या वर्षापासून कोणत्या क्लबात तो घडला हे त्यातून दिसते आणि पुढे तो मोठ्या रकमेला परदेशी गेला तर बदली शुल्काच्या 5 टक्क्यांतला वाटा त्या क्लबांना मिळतो. ही नोंद कंपनीच्या नावावर गेली आणि कंपनी बंद पडली, तर तो वाटा मागायला कोणी उरत नाही.

नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेने एखादा वकील आणि एखादा सनदी लेखापाल बसवून या सगळ्याचा मराठीतला नमुना करार तयार करावा आणि पुढच्या लीगच्या नोंदणी अर्जासोबत प्रत्येक क्लबाला द्यावा, अशी आमची विनंती आहे. वीस-पंचवीस पानांचे काम आहे, दोन महिन्यांत होईल.

आपले,
क्लबांचे हिशेब आणि नोंदणीचे काम पाहणारे काही फुटबॉल कार्यकर्ते,
नागपूर