‘कै.’ नको, ‘ख्रिस्तवासी’ लिहा, आणि आम्हाला रडूही द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमचे पप्पा गेले. बेस्टमध्ये 31 वर्षं कंडक्टर होते, परळच्या चाळीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. भावाने एका पेपरात निधनाची छोटीशी बातमी दिली आणि ती छापून आली तेव्हा नावापुढे ‘कै.’ लागलेलं. कोणी मुद्दाम केलं नाही हे मला कळतं, सवयीने हात तसा जातो. पण कै. म्हणजे कैलासवासी, आणि पप्पा तर ख्रिस्ती, आयुष्यभर रविवारी देवळात म्हणजे चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस. आपल्या मराठीत यासाठी ‘ख्रिस्तवासी’ हा चांगला शब्द आहे, आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. तोही नको असेल तर नुसतं ‘दिवंगत’ लिहा. एवढंच सांगायला पत्र लिहायला बसले होते, पण बसल्यावर बाकीचंही मनात आलं, ते पण लिहिते.

बाजूच्या काकू रोज संध्याकाळी येऊन आईजवळ बसायच्या, आमच्या घरी चूल बंद होती तेव्हा चार दिवस डबा त्यांच्याकडूनच आला. दहाव्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, अगं तुमच्यात पिंड नाही, कावळा शिवायचा नाही, मग माणसाची काही इच्छा मागे राहिली असेल तर तुम्हाला कळतं कसं? मी त्यांना म्हटलं, काकू, आम्हाला नाही कळत. मला तेव्हा एवढंच सुचलं. पण नंतर रात्रभर विचार केला आणि आता वाटतं की बरोबर तेच उत्तर होतं. आमच्यात मागे राहिलेल्यांनी काही करून गेलेल्याची वाट मोकळी करायची नसते. जे करायचं ते येशूच्या क्रूसावर होऊन गेलं असं आम्ही मानतो. बायबलमध्ये इब्रींच्या पत्रात सरळ लिहिलंय की माणसाला एकदाच मरायचं आहे आणि त्यानंतर न्याय. पुन्हा जन्म नाही, फेरा नाही. ऐकायला कडक वाटतं पण मला त्यात आधार वाटतो, कारण न्याय करणारा तोच येशू आहे ज्याने शेजारच्या क्रूसावरच्या चोराला सांगितलं की आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या चोराचं दहावं तेरावं कोणी केलं असेल?

इथे आमच्यातही सगळे एक बोलत नाहीत हे सांगायला पाहिजे. माझी वहिनी वसईची, कॅथलिक. त्यांच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, मिस्सा म्हणजे त्यांच्या नावाने चर्चमध्ये उपासना देतात, कारण स्वर्गात जाण्याआधी आत्म्याची शुद्धी व्हावी लागते आणि आपल्या प्रार्थनेची त्यात मदत होते असं ते मानतात. 2 नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, ती दरवर्षी कबरीवर मेणबत्त्या लावते, झेंडूची फुलं नेते, फादर येऊन कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट, आम्ही मेलेल्यांसाठी मागत नाही, फक्त त्यांच्याबद्दल देवाचे उपकार मानतो. पण या वर्षी मी तिच्याबरोबर जाणार आहे, मेणबत्ती पण लावणार आहे. पप्पा हरकत घेणार नाहीत.

आता जे मनाला लागलं ते सांगते. अंत्यविधीच्या वेळी एक तरुण प्रचारक बोलायला उभा राहिला, नाव घेत नाही, मनाने वाईट नसेल. तो म्हणाला की रडणं म्हणजे अविश्वास, मास्तर प्रभूकडे गेलेत, आज आनंदाचा दिवस आहे, टाळ्या वाजवा. आईने पदर तोंडात धरला. 52 वर्षांचा संसार झालेली बाई, आणि तिला सगळ्या मंडळीसमोर हुंदका गिळावा लागला! हे मी विसरू शकत नाही. माझं त्याला आणि असं बोलणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे की योहानाचा 11वा अध्याय परत वाचा. येशूचा मित्र लाजर मरून चार दिवस झालेत, त्याची बहीण मार्था सांगते की प्रभू आता त्याला दुर्गंधी येत असेल, आणि येशूला माहीत आहे की आता पाच मिनिटांत आपण ह्याला उठवणार आहोत, तरी लाजराची दुसरी बहीण मरिया हिला रडताना बघून तो काय करतो? ‘येशू रडला.’ दोनच शब्दांचं वचन. ज्याच्या हातात पुनरुत्थान होतं तोच रडला तर माझ्या आईने का नाही रडायचं? येशूचा प्रेषित पौल पण थेस्सलनीकाच्या लोकांना पत्रात रडू नका म्हणत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका म्हणतो.

आणि मरण ही चांगली गोष्ट आहे असं आमचा धर्म कुठेच म्हणत नाही. करिंथच्या पहिल्या पत्रात पौल त्याला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रू हरणार आहे म्हणून तो मित्र होत नाही ना. पंडिता रमाबाईंची मनोरमा 1921 मध्ये गेली, जिने पुढे केडगावचं मुक्ती मिशन सगळं सांभाळायचं तीच लेक आईच्या आधी गेली, आणि रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या, मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचं काम पुरं करून. त्यांच्याइतका विश्वास आपल्यात कोणाचा? पण म्हणून लेक गेल्यावर त्या माऊलीने टाळ्या वाजवल्या असतील असं मला कोणी सांगू नये.

भेटायला येणारे बरेच जण समजूत घालायचे की शरीर म्हणजे कपडे, आत्मा अमर आहे. मायेने बोलतात, मी मान हलवायचे. पण आम्ही शरीराला कपडे नाही मानत. आमची आशा नुसत्या आत्म्याची नाही, शरीर उठण्याची आहे. लूकच्या शेवटच्या अध्यायात मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना दिसतो तेव्हा त्यांना वाटतं भूत आहे, तर तो हातपाय दाखवतो आणि विचारतो खायला काही आहे का, मग भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. पप्पांना हा भाग फार आवडायचा, बोंबील खाताना हटकून सांगायचे. पौल त्याला बियाण्याचं उदाहरण देतो, पेरलेलं मेल्याशिवाय उगवत नाही आणि उगवतं ते पेरल्यासारखं दिसत नाही. पप्पांच्या बायबलमध्ये त्याच पानावर बेस्टचं जुनं पिवळं पडलेलं तिकीट खूण म्हणून घातलेलं सापडलं, पंच केलेलं.

म्हणून दफनाचं आम्हाला एवढं. 30 मार्च 2020 ला महापालिकेचं परिपत्रक निघालं होतं की कोरोनाने गेलेल्या सगळ्यांचं धर्म न बघता दहनच करायचं, ते त्याच दिवशी मागे घेतलं, पण त्या काही तासांत आमच्या लोकांचे किती फोन फिरले. देव राखेतून उठवू शकत नाही असं मुळीच नाही. कॅथलिक चर्चने तर 1963 पासून दहनाला परवानगी दिलीय, फक्त राख उधळायची नाही आणि घरात ठेवायची नाही असं 2016 मध्ये स्पष्ट केलं, पवित्र जागी ठेवायची. इंग्रजीत सिमेटरी म्हणतात तो मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ झोपायची जागा. झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवता येतं, एवढाच आमचा मुद्दा आहे.

शिवडीच्या दफनभूमीत जागा नाही हे मुंबईकरांना सांगायला नको. आमच्या कुटुंबाची एकच कबर आहे, त्यात आजी होती, तीच परत उघडली. खोदणाऱ्या दादांनी आजीची हाडं अलगद वेचून पांढऱ्या कापडात बांधली, छोटंसंच गाठोडं झालं, बाळाच्या लंगोटांचं असतं तेवढं. पप्पांची पेटी दोरांनी खाली सोडल्यावर त्यांनी वर बघून विचारलं, यांच्या आईला कुठे ठेवू? भाऊ काही बोलेना. आईच म्हणाली, उशाशी ठेवा. मग पाळकांनी मातीला माती म्हटलं, आम्ही एकेक मूठ टाकली, पेटीवर तिचा आवाज झाला आणि आई मोठ्याने रडली, आणि या वेळी तिला कोणी थांबवलं नाही.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई