निळ्या शर्टाची पाठ काप

अंबाजोगाई
रविवार, 26 एप्रिल 2020

चि. बाळास,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नको. घरी सगळे खुशाल आहेत. पोस्टात टाकलेलं नाही, ताई पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. फोनवर सांगायला बसलं की तू "हो अण्णा, हो अण्णा" करतोस आणि ध्यान तिसरीकडंच असतं. मास्क शिवायचं काम असं ऐकून जमत नाही. कागद पुढ्यात ठेव, एक ओळ वाच, तेवढं कर, मग पुढची वाच.

काल व्हिडिओ कॉलवर तुझ्या तोंडावरचा तो निळा मास्क बघितला. कडा पिंजल्यात, दोरी एका बाजूनं तुटून गाठ मारलीय. वरून तू सांगतोस, दहा दिवस झाले, रोज रात्री धुऊन वाळत घालतो. अरे, ते विणलेलं कापड नाही. त्यातला मधला थर एकदाच वापरायचा असतो. साबणाचं पाणी लागलं की त्याचा गुण जातो, मागं राहतो तो नुसता आडपडदा. मेडिकलवाल्यानं मला हे सांगितलं तेव्हा मीही तोच धंदा करत होतो, म्हणून तुला रागावत नाही.

म्हणून ठरवलं, तुला मास्क शिवायला शिकवायचं. इथून पुण्याला शिवून पाठवायचं तर कोरोनाच्या लॉकडाउनमुळं कुरिअर बंद, एस.टी. बंद. तुझ्याकडं मशीन नाही ते ठीक, पण सुईदोरा तरी आहे ना? नसेल तर खालच्या काकूंकडून माग, लाजू नको. पांढरा दोरा आणि मधली सुई. जाड सुई नको, तिची भोकं राहतात.

आता कापड. तू नेलेला निळ्या चौकड्यांचा शर्ट आठव, कॉलर विरलेला. तो काप. पाठ काप. शर्टात बिनजोडाचं सगळ्यात मोठं कापड पाठीचंच असतं. वरची खांद्याची पट्टी सोडून दे, तिथं दुहेरी शिवण आहे. तो मीच शिवला होता म्हणून जिवावर येईल तुझ्या, ठाऊक आहे. काप. शुद्ध सुती पॉपलीन आहे, चार वर्षं धुऊन धुऊन मऊ झालंय, असं कापड आज दुकानं उघडी असती तरी मिळालं नसतं. जुनी बनियन वापरा असं बरेच जण सांगतात. मला पटत नाही. होजिअरी ताणली की तिची जाळी उघडी पडते आणि दोन धुण्यांत ती सैल होते. कापड बल्बसमोर धरून बघ. बल्बचा गोळा लख्ख दिसला तर पातळ आहे, नुसता उजेड दिसला तर चालेल.

कापायच्या आधी कापड मिठाच्या पाण्यात तासभर भिजव, मग वाळवून इस्त्री कर. इस्त्री नसेल तर गरम पाण्याचा तांब्या फिरव. हे मी हौसेनं सांगत नाही. पहिल्या आठवड्यात लग्नाच्या ब्लाउजांचं उरलेलं लाल अस्तर आत घालून मी वीस मास्क शिवले. भिजवायची घाई कोण करतो! गल्लीतल्या एका आजोबांनी तो बांधून दिवसभर उन्हात घाम गाळला आणि संध्याकाळी बघतात तर पांढऱ्या मिशा गुलाबी. म्हातारा मला म्हणाला, "मास्तर, रंगपंचमी तर होऊन गेली की." तुझी आई दोन दिवस हसत होती.

माप सांगतो. ते माझ्या मनचं नाही. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं मार्चअखेरीस घरगुती मास्कची पुस्तिका काढली, ती ताईनं मोबाइलवर दाखवली. मोठ्या माणसाला 9 बाय 7 इंच. आधी पेपरवर आखून खाका काप, अभ्यासाचे पेपर तुझ्याकडं ढीगभर असतील. खाका कापडावर ठेवून पेन्सिलीनं आख आणि तीन तुकडे काप. पुस्तिकेत दोन पदर चालतात, मी तीन घालतो. 9 इंच आडवे, 7 इंच उभे. उरलेल्यातून दीड इंच रुंद, 20 इंच लांब अशा चार पट्ट्या काढ. बांधायच्या नाड्या त्यांच्याच करायच्या. इलॅस्टिक शोधत फिरू नको, मिळतही नाही आणि दिवसभर कानामागं कापतं. पट्ट्या उरेब, म्हणजे तिरक्या, कापायच्या भानगडीत पडू नको. उरेब ताणते, सरळच बरी.

तीन तुकडे एकावर एक ठेव. बाहेर दिसायच्या दोन बाजू एकमेकींकडं तोंड करून, तिसरा त्यांच्यावर. चारी कोपऱ्यांना कच्चा टाका मार म्हणजे सरकणार नाहीत. आता फक्त वरची आणि खालची कड शिवायची, डावी-उजवी उघडी ठेवायची. अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, सोड. दोरा हातभरच घे, लांब घेतला की गुंता होतो, आळशी माणूस लांब दोरा ओवतो असं माझे उस्ताद म्हणायचे. चार टाके धावदोऱ्याचे, पाचवा उलटा, परत चार, परत उलटा. उलट्या टाक्यानं शिवण पकडून राहते, एका ठिकाणी उसवली तरी पुढं पळत नाही. शिवून झालं की कच्चे टाके काढ, उलटं कर आणि इस्त्री मार.

वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली आणखी एक आडवी शिवण घाल, म्हणजे परकराला असतो तसा नेफा तयार होतो. त्यात नाकाची पट्टी घालायची. तुझ्या फायलीत कागद अडकवायची पत्र्याची पट्टी असते ना, ती चार इंच तोड, टोकं दुमड, नाहीतर टोचतील. आतल्या अंगानं नेफ्याला बोटभर तोंड उघडं ठेव. धुताना पट्टी बाहेर काढायची, नाहीतर गंजेल आणि डाग पडेल. ही पट्टी नाकावर नीट दाबलीस तर तुझ्या चष्म्यावर वाफ धरणार नाही. काल तू बोलता बोलता तीनदा चष्मा पुसलास. मी मोजलं.

आता चुण्या. इथं मी स्वतः हुकलो, म्हणून जरा थांबून वाच.

पहिले चाळीस मास्क मी घाईत शिवले आणि चुण्यांची तोंडं वर ठेवली. दिसायला सुबक. ते हरभरा, गहू मशीनवर घालणाऱ्या लोकांनी नेले, सरकारनं शेतीच्या कामाला मोकळीक दिली होती. तिसऱ्या दिवशी एक मावशी आली, मास्क माझ्या मशीनवर आपटला आणि म्हणाली, "मास्तर, ही चूण न्हाई, झोळी हाय झोळी. फुफाटा सगळा हिच्यातच साठायलाय." तिनं तो माझ्यासमोर झटकला तर खरंच वाटीभर भुसकट पडलं. बत्तीस वर्षं शिवतोय मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. म्हणून बाहेरच्या बाजूनं चुण्यांची तोंडं खालीच. तीन चुण्या, प्रत्येक अर्धा इंच खोल, नेफ्याच्या खालून सुरू कर. बाजूची उंची तीन इंचांच्या आसपास राहिली पाहिजे. चिमटे असतील तर लाव, नाहीतर दोन्ही कडांना कच्चा टाका मार. ते चाळीस मी परत मागवून उसवले. पैसे घेतले नाहीत.

मग नाड्या. दोन दोन पट्ट्या टोकाला जोडल्या की जवळजवळ 40 इंचांची एक होते. अशा दोन कर. जोड बरोबर मास्कच्या बाजूच्या मध्यावर येऊ दे, तिथं तसंही शिवणीत दडतो. पट्टीच्या दोन्ही कडा आत दुमड, मधोमध दुमड, मास्कची उघडी कड त्या घडीत धर आणि वरपासून खालपर्यंत हातशिलाई करत जा. मास्कच्या कडेला टाके बारीक आणि जवळ जवळ, पुढं नाडीला लांब चालतील. वरच्या नाड्या डोक्यामागं, खालच्या मानेमागं.

हातशिलाई म्हटल्यावर एक सांगायचं राहिलंय. परवा मी आईला म्हणालो, याला टाका जमेल का, सुई कशी धरतात तेही ठाऊक नसेल. ती हसली. म्हणाली, तू सहावीत होतास त्या दिवाळीत, मी तुला दुकानातून "जा, पुस्तक घेऊन बस" म्हणून हाकललं होतं. तू घरी येऊन तिच्यासोबत साड्यांच्या फॉलला हातशिलाई करत बसलास. तीन साड्या तुझ्या हातच्या. त्यातल्या एका बाईनं नंतर मला सांगितलं होतं, यंदा फॉल लई सुरेख लावलाय. मी ती तारीफ आईच्या खाती घातली आणि तिनंही मला सांगितलं नाही, कारण मी ओरडलो असतो. खरंच ओरडलो असतो. माझं एकच होतं, या पोरानं मशीनला हात लावायचा नाही. पायट्यावर पाय ठेवला की माणूस तिथंच बसतो, असं मला वाटायचं. आता तूच बघ, तुला टाके मी पुण्याला कागदावर शिकवतोय.

असो.

वापरायचं कसं तेही ऐक. बांधायच्या आधी हात धू. एकदा बांधला की पुढून हात लावायचा नाही, बोलताना हनुवटीवर ओढायचा नाही. सोडताना आधी खालची गाठ, मग वरची, नाड्यांना धरून काढायचा. दोन शिव, एक अंगावर, एक वाळत. रोज गरम पाणी आणि साबण. पुस्तिकेत पाच तास कडक ऊन सांगितलंय. आपल्याकडं गच्चीवर पापड भाजतील असं ऊन आहे, तुझ्या रूमला ऊन येतच नाही. मग कुकरमध्ये मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकड आणि वाळव. कुकर नीट धुऊन मग भात लाव, एवढं तुला कळतंच.

आणि मास्क आहे म्हणून गर्दीत घुसू नको. हा डॉक्टर लोक वापरतात तो एन-95 नाही. आपल्या तोंडातले थेंब समोरच्यावर उडू नयेत, मुख्य काम एवढंच. समोरच्यानंही बांधला तर दोघांची सोय. आपल्याकडं लोकांना हे पटायला वेळ लागला. माणसं म्हणायची, गळ्यात दस्ती-रुमाल हाय की, बायका म्हणायच्या पदर हाय. अगदीच चूक नाही, 1994 साली आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला तेव्हा आम्ही सगळे दस्त्याच बांधून फिरत होतो. मी तेव्हा उस्तादांच्या हाताखाली काजं करायचो. टेट्रासायक्लीनच्या गोळ्यांसाठी मेडिकलपुढं रांगा होत्या. पण दस्ती नाकावरून घसरते, आणि घसरली की माणूस त्याच हातानं वर ओढतो. नाडीचा मास्क घसरत नाही.

दुकानाचं विचारत होतास. आज अक्षय तृतीया. दरवर्षी या दिवशी मला जेवायला चार वाजतात. यंदा शिवून तयार असलेले चौतीस ब्लाउज खुंटीवर लटकलेत आणि न्यायला कोणी नाही, लग्नंच पुढं गेली. त्यातल्या दोन-तीन पोरींची मापं तोवर बदलतील, म्हणून बरं, आत माया भरपूर सोडलीय. मशीन घरी आणलंय, ओसरीत. बचत गटाच्या बायकांना मी कापून देतो, त्या शिवतात. पोट भागतंय, काळजी करू नको, आणि पैसे पाठवायचं तर मुळीच काढू नको. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांवरून परतायलीत, त्यांच्या लेकरांसाठी 7 बाय 5 चे छोटे मास्क करतोय. त्याचे पैसे लावत नाही.

तुझी एमपीएससीची परीक्षा 5 एप्रिलची 26 वर गेली आणि 26 चीही पुढं गेली. आजच पेपर झाला असता. त्यावर मी काही बोलत नाही, तुला जास्त कळतं. सकाळी आबांच्या नावानं करा-केळीची मडकी पुजली, आमरस केला. आईनं तुझी वाटी भरून ठेवली आणि दुपारी ताईनं खाल्ली.

मास्क झाला की फोटो पाठव. बांधून काढलेला नको. उलटा कर, आतली शिवण दिसेल असा काढ.

तुझे,
अण्णा

ता. क. शर्टाची बटणं कापून डबीत ठेव. शिंपल्याची आहेत, टाकू नको.