परीक्षक ‘सोयीचा’ कशाला हवा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील वैमानिक प्रशिक्षणावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख काल वाचला. बारामतीला विमान शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, तिकडच्या सोप्या परीक्षकांची नावे द्याल का?’ पोराला काय बोलणार? प्रशिक्षकाच्या रेटिंगचे, म्हणजे शिकवण्याच्या परवानगीचे, नूतनीकरण म्हणजे औपचारिकता, ‘सोयीचा परीक्षक’ गाठला की झाले, असे लेखातच छापले आहे. मी इंग्लंडमध्ये विमान चालवायला शिकवतो. हे वाचून मनस्वी संताप आला.

लेखकाने मुदतवाढ आणि नूतनीकरण एकच धरले आहे. माझे रेटिंग 2019 मध्ये संपले, तेव्हा इथे युरोपचेच नियम लागू होते. रेटिंग तीन वर्षांचे असे. मुदतीच्या आत असलात तर ती मुदतवाढ; तिला पन्नास तासांचे शिकवणे, उजळणी वर्ग आणि परीक्षकासमोर चाचणी यांपैकी दोन गोष्टी पुरत. दर दुसऱ्या मुदतवाढीला मात्र चाचणी द्यावीच लागे. मुदत उलटली की ते नूतनीकरण; त्यात उजळणीचे प्रशिक्षणही घ्यायचे आणि चाचणीही द्यायची. आई साताऱ्याला अंथरुणाला खिळली होती, मी तिच्यापाशी होतो, आणि तारीख निघून गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परीक्षक आपला आपण निवडायचा असतो, एवढे लेखात बरोबर आहे. क्लबात मला दोन नावे मिळाली. एक गृहस्थ दुपारच्या जेवणाआधी कागद हातात देतात असा लौकिक. दुसऱ्या एक वयस्कर बाई, आयुष्यभर नवख्यांना शिकवलेल्या. त्यांच्याकडे जाऊ नकोस, असे तिघांनी बजावले. मी बाईंना फोन केला. आठ महिने विमानात बसलो नव्हतो. माझे कुठे चुकते आहे, हे मला कुणीतरी सांगायला हवे होते.

या चाचणीत परीक्षक डावीकडे विद्यार्थी होऊन बसतो आणि आपण उजवीकडून शिकवायचे. त्याआधी फळ्यासमोर पाठ. मी स्टॉल समजावत होतो, म्हणजे पंखाची उचल अचानक ढासळते ते. बोलता बोलता म्हणालो, ‘वेग या आकड्याखाली गेला की स्टॉल होतो.’ बाईंनी विद्यार्थ्याच्या भाबडेपणाने विचारले, ‘मग त्याहून जास्त वेगातही कधी होईल का?’ मी थबकलो. स्टॉल होतो तो पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन मर्यादेबाहेर गेल्यामुळे. उंची राखून, विमान साठ अंश कलते करून वळताना पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. मला हे पाठ होते, तरी तोंडून सोपे आणि चुकीचे वाक्य गेले.

मग सेस्ना 152 या छोट्या विमानात बसलो. धावपट्टीकडच्या शेवटच्या वळणावर बाईंनी हळूहळू नाक वर घेतले, वेग उतरू दिला. मी बोलतच राहिलो. स्टॉलच्या इशाऱ्याचा भोंगा कण्हू लागला तेव्हा कुठे माझा हात गुडघ्यावरून उठून नियंत्रणाकडे गेला. खाली आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘तुमचा हात भोंग्याआधी निघायला हवा होता.’ त्या दिवशी सही मिळाली नाही. आणखी चार उड्डाणे केली, पदरचे पैसे मोजले, पंधरा दिवसांनी त्यांच्याचसमोर पुन्हा बसलो आणि पास झालो.

संपादक महोदय, शेजारची सीट रिकामी करून एकोणीस वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा एकटे वर पाठवायचे की नाही, हे प्रशिक्षक ठरवतो. त्याच्या हातावर कुणी नजर ठेवायची? आपल्या निष्पक्षपणाला बाधा येईल असे वाटले तर परीक्षकाने परीक्षा घेऊ नये, असे इथला नियम सांगतो. आपली पुरवणी मात्र तसाच परीक्षक शोधायला सांगते.

जाता जाता आणखी एक. उतरणारे विमान पुन्हा वर गेले की आपल्याकडे दर वेळी ‘थोडक्यात अनर्थ टळला’ असा मथळा असतो. धावपट्टी मोकळी नसेल, वारा बदलला असेल किंवा विमान नीट बसत नसेल तर पुन्हा वर जाणे हेच वैमानिकाचे काम. ते आम्ही पहिल्या एकट्या उड्डाणाआधी शिकवतो. असे मथळे वाचून ज्या मुलाला वर जायची लाज वाटेल, तो कशीही करून चाके टेकवायला बघेल.

लेखमालेचा पुढचा भाग येत्या रविवारी आहे. ‘सोयीचा परीक्षक’ हे शब्द त्यात स्पष्ट उल्लेख करून मागे घ्यावेत, ही विनंती. भाच्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. त्या दुरुस्तीचे कात्रणच पाठवीन म्हणतो.

आपला,
एक वाचक
केंट, इंग्लंड (मूळ सातारा)