प्रेमाचा कौल आणि फोनवरच्या चिनी काड्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रेमसंबंधांविषयी चिनी शलाकांचा, म्हणजे क्रमांक घातलेल्या काड्यांचा, कौल घेण्याची सोय आता फोनवर सहज मिळते. पुण्यातली काही तरुण मंडळी ती केवळ गंमत म्हणून वापरत नाहीत, तर तिच्या भरवशावर निर्णय घेऊ लागली आहेत. विवाहपूर्व समुपदेशनाच्या कामात मला हे दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझा आक्षेप चिनी परंपरेवर नाही. त्या परंपरेने स्वतःवर घालून घेतलेली बंधने वगळून उरलेला सांगाडा मुलांच्या हाती दिला जातो, त्यावर आहे.

हाँगकाँगच्या वाँग ताय सिन मंदिरात ही पद्धत आजही रोज चालते. भाविक देवासमोर गुडघे टेकतो, प्रश्न मनात स्पष्ट धरतो आणि बांबूचा उभट डबा पुढे किंचित कलता धरून हलवत राहतो. डब्यात क्रमांक घातलेल्या 100 काड्या असतात. खडखडाट चालू असताना त्यांतली एखादी इतरांच्या वर सरकत जाते आणि अखेर जमिनीवर पडते. एकदम दोन पडल्या, तर त्या परत घालून पुन्हा सुरुवात करायची. पडलेल्या काडीच्या क्रमांकाला चार ओळींची एक कविता नेमलेली असते आणि तिच्या मागे बहुधा एखादी जुनी कथा असते. ती एकट्याने वाचून भागत नाही, म्हणून भाविक मंदिरालगतच्या गाळ्यात बसलेल्या जाणकाराकडे जातो आणि त्याला आपला प्रश्न सांगून अर्थ विचारतो. अर्थात, प्रश्न दुसऱ्या माणसासमोर उच्चारावा लागतो.

तैवानमधल्या देवळांत याच्याही पुढची एक पायरी आहे. अर्धचंद्राच्या आकाराचे, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असे दोन लाकडी तुकडे हाती घेऊन ‘हीच काडी माझी का’ असे विचारायचे आणि ते खाली टाकायचे. एकाची सपाट आणि दुसऱ्याची फुगीर बाजू वर आली, तर तो होकार. अनेक ठिकाणी असा होकार सलग तीन वेळा यावा लागतो. तुकडे दोन्ही बाजूंवर सारखेच पडतात असे धरले, तर ही शक्यता आठात एक एवढीच राहते. म्हणजे बहुतेक काड्या परत डब्यात जातात आणि विचारणाऱ्याला आपल्या प्रश्नापाशी बराच वेळ थांबावे लागते. माझ्या मते साऱ्या विधीत हे थांबणेच सर्वांत मोलाचे आहे. आपल्या कोकणातही गुरव गाऱ्हाणे घालून कौल लावतो, तेव्हा प्रश्न चारचौघांत मोठ्याने मांडला जातो आणि उजवा किंवा डावा, जो कौल पडेल तो सगळ्यांच्या साक्षीने पडतो.

फोनवर यातले काहीच उरत नाही. साखरपुडा झालेल्या एका मुलीने मला तिचा फोन दाखवला. ‘त्याच्या मनात अजून ती आहे का?’ हा एकच प्रश्न तिने एका रात्रीत इतक्या वेळा विचारला होता, की उत्तरांची यादी बोटाने वर सारत गेले तरी संपेना. एक उत्तर उत्तम, त्याखालचे मध्यम, मग एक अशुभ, पुन्हा उत्तम. काड्या पुरेशा वेळा काढल्या, की शुभ-अशुभ सगळे क्रमांक येणारच. त्यात कोणाच्याही मनाचा काही संबंध नाही. तिने मात्र मनावर घेतले ते अशुभ उत्तर, आणि ज्याच्या मनाविषयी प्रश्न होता त्या मुलाला अवाक्षरानेही विचारले नव्हते. लग्न मोडायचे तिने जवळपास ठरवले होते.

काड्यांच्या क्रमांकांना नेमलेल्या कवितांच्या जुन्या चिठ्ठ्यांचा रोख बराचसा विचारणाऱ्याच्या वागण्याकडे असतो. ग्वानयिन या चिनी करुणादेवीच्या 100 चिठ्ठ्यांपैकी पहिली अतिशय शुभ मानली जाते आणि तिच्या पहिल्याच ओळीत उत्तम संबंध जुळल्याचा उल्लेख आहे. पण शेवटची ओळ सचोटीने वागणाऱ्या माणसाला राजाचे बोलावणे येते असे सांगते. शुभ चिठ्ठीलासुद्धा वागणुकीची अट आहे, हे फोनवरच्या एका ओळीच्या उत्तरात कुठे दिसते?

लाल धाग्याने जोडपी बांधणाऱ्या युए लाओ या चिनी देवतेची तांग राजवटीच्या काळातली कथाही या संदर्भात आठवण्यासारखी आहे. चांदण्यात बसलेला हा म्हातारा वेई गू नावाच्या तरुणाला त्याची भावी वधू दाखवतो. ती असते भाजी विकणाऱ्या गरीब बाईच्या कडेवरची तीन वर्षांची पोर. संतापलेला वेई गू तिला मारायला नोकर पाठवतो आणि तिच्या भुवयांच्या मध्ये वार बसतो. 14 वर्षांनी त्याचे लग्न होते ते तिच्याशीच. भाकीत खरे ठरले, हे सगळे सांगतात. मला अधिक महत्त्वाची वाटते ती जखम, कारण ती नशिबाने केली नव्हती. भाकीत ऐकून त्याने जे केले, त्याने ती झाली होती.

छत्तीस गुण मोजून स्थळ नाकारणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या मुलांना नावे ठेवू नयेत, एवढेही इथे नमूद करते. समोरच्या माणसाशी न बोलता उत्तर मिळवण्याची सवय मुलांनी घरातच पाहिलेली असते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. पुरवण्यांमधून अशा शलाकांविषयी लिहिताना चार ओळींच्या भाकितावर न थांबता मूळ विधी त्याच्या नियमांसह छापावा. आणि हिंजवडी-खराडीत बसून अशी ॲप घडवणारे कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी एकदा विचारलेला प्रश्न निदान आठवडाभर पुन्हा विचारता येणार नाही अशी व्यवस्था करावी, तसेच प्रश्न तिसऱ्याच्या मनाविषयी असेल तेव्हा ‘हे त्या व्यक्तीला विचारले आहे का?’ एवढे वाक्य काडी पडण्याआधी पडद्यावर आणावे.

आपली विश्वासू,
एक विवाहपूर्व समुपदेशक,
कोथरूड, पुणे