बाबांची ॲलर्जी बाबांचीच

नांदेड

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सकाळी वाचला. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन ठरलं, लीड्सच्या हॉस्पिटलने भरायला फॉर्म पाठवलाय, हे सगळं वर, आणि खरा प्रश्न अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारल्यासारखा: "बाबांना भुलीची ॲलर्जी आहे, म्हणजे मलाही असेल ना?" फोनवर मी "छे रे, काही नाही" म्हटलं असतं आणि तू रात्रभर इंटरनेट चाळत बसला असतास. म्हणून लिहूनच पाठवते.

उत्तर आधी देते. नाही. दमा, शिंका, अंगावर पित्त उठणं याचा कल घराण्यात असू शकतो, पण अमुक एका औषधाविरुद्ध तयार झालेली ॲलर्जी बापाकडून मुलाकडे येत नाही. ती ज्याच्या त्याच्या शरीराने आपापली तयार केलेली असते. त्यामुळे बाबांना झालं म्हणून तुझी कसलीही टेस्ट करायची गरज नाही. पण त्या फॉर्मवर "वडिलांना भुलीची ॲलर्जी" एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस. असलं वाक्य माझ्यासारख्या भूल देणाऱ्या डॉक्टरसमोर आलं की काहीच कळत नाही. भूल हे एक औषध नाही. झोपेचं इंजेक्शन वेगळं, वेदनेचं वेगळं, स्नायू सैल करणारं वेगळं. शिवाय त्याच पाच-दहा मिनिटांत अँटिबायोटिक जातं, कातडीला अँटिसेप्टिक लागतं, कधी निळा रंगही टोचतात. यातलं नक्की कोणतं?

बाबांचं काय झालं ते तुला आम्ही कधी धड सांगितलं नाही. तू तेव्हा बारावीत होतास. पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन होतं. मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नव्हते; घरच्या माणसाला आपण भूल देत नाही, तो आमच्यातला अलिखित नियम. पण भुलीचा चार्ट माझ्याकडे आहे आणि ज्यांनी भूल दिली त्यांनी मला मिनिटामिनिटाचं सांगितलं. अँटिबायोटिक दिलं, मग वेदनेचं फेंटानिल, झोपेचं प्रोपोफॉल, मग स्नायू सैल करणारं ॲट्राक्युरियम. श्वासाची ट्यूब टाकली. दोनेक मिनिटांत मॉनिटरवरचा, बाहेर येणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा पस्तीसवरून खाली खाली घसरायला लागला. श्वास द्यायची बॅग दाबायला जड झाली. बीपीचा पट्टा फुगतोय, सुटतोय, पुन्हा फुगतोय, पण रीडिंग येत नाही. डॉक्टरांनी मानेवर बोटं ठेवली तर नाडी लागेना.

आणि अंगावर एकही चट्टा नाही. हे लक्षात ठेव, कारण लोकांना वाटतं रिॲक्शन म्हणजे खाज आणि लाल गांधी. जागा माणूस "घसा आवळतोय" असं सांगतो. भूल दिलेला काही सांगू शकत नाही, त्यातून तो हिरव्या चादरींखाली झाकलेला. टेबलवर आम्हाला पहिल्यांदा दिसतं ते पुष्कळदा कोसळलेलं बीपी. त्यांनी वाट न बघता ॲड्रेनलिन दिलं, पाय वर केले, सलाइनच्या बाटल्या हाताने पिळून आत घातल्या. सलाइन एवढं का, तर अशा वेळी रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळायलाही लागतात. दहा मिनिटांत आतलं एक तृतीयांश द्रव बाहेर जाऊ शकतं. बीपी सावरल्यावर, म्हणजे कातडीपर्यंत रक्त पुन्हा पोचल्यावर, मग कुठे बाबा पायापासून मानेपर्यंत लालभडक झाले. ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही.

ओटीबाहेर जो भेटेल तो म्हणत होता, अँटिबायोटिकचीच रिॲक्शन. मला ते पटलं नाही असं नाही, पण नुसतं पटून काय उपयोग? पुढच्या वेळी चुकीचं औषध टाळलं आणि खरं गुन्हेगार औषध पुन्हा दिलं तर? म्हणून रक्त घेतलं: सावरल्यावर लगेच एकदा, तासा-दोन तासांनी एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा. त्यात ट्रिप्टेज बघतात. ॲलर्जीत ज्या पेशी फुटतात त्यांच्यातून ते बाहेर पडतं आणि दिवसभरात पुन्हा खाली येतं. बाबांचं चढलं आणि उतरलं. म्हणजे ॲलर्जीच, हृदयाचा झटका नाही. कुठल्या औषधाची, ते मात्र ट्रिप्टेज सांगत नाही.

त्यासाठी कातडीवरची टेस्ट. तीही लगेच नाही, चार ते सहा आठवडे थांबून, कारण रिॲक्शननंतर त्या पेशी रिकाम्या झालेल्या असतात आणि टेस्ट खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. ही टेस्ट नीट करणारे आपल्याकडे मोजके, म्हणून मुंबईला गेलो. मी चार्टची झेरॉक्स नेली होती, त्यात दिलेलं प्रत्येक औषध वेळेसकट. बाबांच्या हातावर पेनाने आकडे लिहिले आणि एकेका थेंबातून सुई टोचली. ॲट्राक्युरियम पातळ करूनच लावलं, कारण ते मुळातच कातडीतून थोडं हिस्टामिन, म्हणजे गांध उठवणारं रसायन, सोडायला लावतं. पातळ न करता लावलं तर माझ्याही हातावर गांध उठली असती. वीस मिनिटांनी अँटिबायोटिकची जागा सपाट, प्रोपोफॉलची सपाट, ॲट्राक्युरियमच्या आकड्याशेजारी चवलीएवढी गांध. तिथेच त्याच जातीतली बाकीची औषधंही टोचून पाहिली, कारण स्नायू सैल करणाऱ्या एका औषधाची ॲलर्जी असली की दुसऱ्याचीही निघू शकते. व्हेक्युरोनियम सपाट आलं. तेच वापरून पुढे ऑपरेशन झालं आणि बाबा चौथ्या दिवशी घरी येऊन वरण-भात मागत होते.

तू विचारशील, बाबांना त्याआधी कधी भूल दिलीच नव्हती, मग शरीर आधीच तयार कसं? हाच या औषधांचा विचित्रपणा. त्यांच्या रेणूचा जो तुकडा ॲलर्जी उठवतो तसलाच तुकडा भलत्याच वस्तूंमध्ये असतो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण फॉलकोडिन, खोकल्याच्या औषधातलं. नॉर्वेत ते सर्रास वापरात होतं आणि भुलीच्या वेळच्या अशा रिॲक्शनही तिथे जास्त. 2007 मध्ये तिथलं ते औषध बाजारातून गेलं आणि पुढच्या काही वर्षांत रिॲक्शनही कमी झाल्या. युरोपला हे पटून ते बंद व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला आणि तुझ्या ब्रिटनमध्ये 2023 चा मार्च. तिकडे गेल्यावर पहिल्या थंडीत तू केमिस्टकडून कसलीशी बाटली आणली होतीस, ती अजून कपाटात असेल तर लेबल वाच आणि फॉलकोडिन दिसलं तर केमिस्टलाच परत नेऊन दे.

आता घराण्याचा मुद्दा. तू चुकीच्या आजाराला घाबरलास, पण तुझा प्रश्न चुकीचा नाही. भुलीतल्या दोन गोष्टी खरोखरच रक्तातून येतात आणि त्या दोन्ही ॲलर्जी नाहीत. एक मॅलिग्नंट हायपरथर्मिया. 1960 साली मेलबर्नमध्ये पाय मोडलेला एक तरुण विद्यार्थी आला. मोडलेल्या पायापेक्षा भुलीलाच तो जास्त घाबरत होता, कारण त्याचे दहा नातेवाईक भूल दिल्यावर दगावले होते. डॉक्टरांनी औषध बदलून भूल दिली, तरी त्याचा ताप भडकलाच. भूल थांबवून, बर्फ लावून त्याला वाचवला. डेनबरो आणि लव्हेल यांनी ते छापलं आणि तिथून हा आजार ओळखला जायला लागला. त्यात काही भुलीचे वायू किंवा स्कोलिन, म्हणजे स्नायू झटकन सैल करणारं एक औषध, मिळाल्यावर स्नायू आतून पेटतात. आता त्यावर डँट्रोलिन नावाचं औषध आहे. मला त्या पोराचं कौतुक वाटतं; त्याने सांगितलं म्हणून डॉक्टर सावध होते.

दुसरी गोष्ट तर आपल्या नांदेडातलीच. स्कोलिन हे तीन-पाच मिनिटांत उतरणारं औषध, कारण रक्तातलं एक एन्झाइम ते भराभर तोडतं. आर्य वैश्य समाजात काही कुटुंबांमध्ये ते एन्झाइम जन्मतःच नसल्यासारखं असतं. मग माणूस मिनिटांऐवजी काही तास सैल पडून राहतो आणि तोवर त्याला मशीनवर श्वास द्यावा लागतो. घाबरण्यासारखं काही नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. म्हणून मी ऑपरेशनआधी तपासताना विचारतेच: घरात कोणाला भुलीतून उठायला वेळ लागला होता का? पुष्कळदा नातेवाईक म्हणतात, "हो, काकांना संध्याकाळपर्यंत जागच आली नव्हती." आपल्या घरात, दोन्ही बाजूंनी, यातलं काहीही नाही. आजीची दोन ऑपरेशनं झाली, मामाचं हर्नियाचं झालं, सगळे वेळेवर उठले. फॉर्मवर हेही लिही.

आणि आता मला जी खरी काळजी वाटते ती. बाबांची नाही, तुझी. तिकडच्या डॉक्टरकडे नाव नोंदवताना तू "पेनिसिलिन ॲलर्जी" लिहिलंस, असं मागे बोलण्यात आलं होतं. का? तर तू सहा वर्षांचा असताना तापात अमॉक्सिसिलिन चालू होतं आणि पाचव्या दिवशी पोटावर बारीक पुरळ आलं. लहान मुलांना विषाणूच्या तापात तसं पुरळ औषधाशिवायही येतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनाने लिहिलं आणि ते तुझ्या आडनावासारखं तुला चिकटलं. पुढे पुण्याला हॉस्टेलवर घसा धरला तेव्हा तिथल्या डॉक्टरने तुला ऑगमेंटिन दिलं, तू आख्खा कोर्स खाल्लास, काही झालं नाही. ऑगमेंटिनमध्ये अमॉक्सिसिलिनच असतं! तू ते विसरलास, मी विसरले नाही.

हे खुसपट का काढतेय ते सांगते. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने देशभरातल्या अशा रिॲक्शनची पाहणी केली, 2018 मध्ये ती प्रसिद्ध झाली. गंभीर रिॲक्शन साधारण दहा हजार भुलींमागे एक. त्यांनी 266 केस खोलात तपासल्या, त्यातले दहा पेशंट गेले. जिथे औषध सापडलं तिथे जवळजवळ निम्म्या वेळा ते अँटिबायोटिक होतं, एक तृतीयांश वेळा स्नायू सैल करणारं, आणि मग क्लोरहेक्सिडिन हे अँटिसेप्टिक, जे पुसायच्या कापसापासून शिरेत घालायच्या नळीपर्यंत कुठेही लपलेलं असतं. पण माझं लक्ष गेलं टेकोप्लॅनिन या अँटिबायोटिकवर. एक लाख वेळा दिलं तर सोळाहून जास्त रिॲक्शन, सगळ्या अँटिबायोटिकांत वरचा नंबर. आणि ते दिलं कोणाला जातं? पुष्कळदा ज्यांच्या फाइलवर "पेनिसिलिन ॲलर्जी" आहे त्यांना. असे शिक्के मारलेल्या दहांतल्या नऊजणांना तपासलं तर ॲलर्जी निघतच नाही. म्हणजे नसलेल्या ॲलर्जीला भिऊन, जास्त ॲलर्जी उठवणारं औषध घ्यायचं.

तेव्हा फॉर्म भरायच्या आधी तुझ्या तिथल्या डॉक्टरला भेट. त्याला पुरळ कधी आलं, कितव्या दिवशी आलं, सूज किंवा दम लागला होता का (नव्हता), आणि नंतर ऑगमेंटिन पचलं, हे सगळं सांग. एवढ्यावरही कदाचित तो शिक्का पुसेल, नाहीतर त्यांच्याकडे हे तपासायची सोय असते, ती ऑपरेशनच्या तारखेआधी करून घे. मात्र घरच्या घरी गोळी खाऊन बघू नकोस. तुझ्या स्वभावाला ते सुचेल म्हणून मुद्दाम लिहिते.

भूल देणारे डॉक्टर भेटतील तेव्हा सांग: वडिलांना ॲट्राक्युरियमची ॲनाफिलॅक्सिस (म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी), कातडीच्या टेस्टवर सिद्ध. ते मान हलवतील आणि पुढे जातील; तसंच व्हायला हवं. गुडघ्याच्या ऑपरेशनला स्नायू सैल करणारं औषध पुष्कळदा लागतही नाही. घशात मऊ मास्क बसवून किंवा कमरेत इंजेक्शन देऊन काम होतं. अँटिबायोटिक झोपवायच्या काही मिनिटं आधी देणार का, हे विचारायला हरकत नाही. जागेपणी काही झालंच तर तू बोलू शकतोस, आणि त्या पाहणीतही हाच सल्ला आहे. आपल्याकडच्यासारखा हातावर टेस्ट डोस ते देणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. इथे आपल्या सिस्टर कातडीत तो बुडबुडा उठवून गोल काढतात, नातेवाईकांना फार धीर येतो, पण तो कोरा आला म्हणजे पूर्ण डोसला रिॲक्शन येणार नाही असं मला कोणी लिहून देणार नाही.

बाबांच्या रिपोर्टचा फोटो सोबत पाठवलाय. त्यांच्या पाकिटात आधारच्या मागे जे कार्ड आहे त्याचाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते कळव, आणि फॉर्म पाठवायच्या आधी मला दाखव. रविवारी ओटी नसते, तेव्हा निवांत बोलू.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारताहेत की ऑपरेशननंतर किती महिने क्रिकेट बंद. ते तुझ्या हाडांच्या डॉक्टरला विचार, माझा प्रांत नाही.