खारीला घेऊन पवनेला चाललीस म्हणे

मनू,

फोनवरच बोललो असतो पण फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मधेच पप्पा मीटिंग आहे म्हणून ठेवून देतेस, त्यामुळे चष्मा लावून टाईप करत बसलोय, चुका सांभाळून घे. आई काल म्हणाली की शनिवारी तुम्ही चौघं पवनेला टेंटमध्ये राहायला चाललाय आणि सोबत खारी नेताय. मला वाटलं खायची खारी, म्हटलं त्यात काय सांगायचं एवढं. मग कळलं ते कुत्रं आहे, टपरीवर खारी खायला यायचं म्हणून नाव खारी. नाव बाकी झकास ठेवलंत, हल्ली ब्रूनो म्हणून हाक मारली की अर्धी सोसायटी वळून बघते.

आता ऐक. टेंटवाल्याला आजच फोन करून विचार की कुत्रं रात्री टेंटच्या आत झोपलेलं चालेल का. नुसतं पेट फ्रेंडली आहे का असं विचारू नकोस, त्याला सगळेच हो म्हणतात आणि तिथे गेलं की म्हणतात तिकडे झाडाला बांधा. बाहेर बांधा म्हणाला तर बुकिंग कॅन्सल कर, ॲडव्हान्स बुडाला तर मी देतो.

तू लहान असताना दर वाढदिवसाला कुत्रं मागायचीस आणि मी कधी अभ्यास, कधी आजीचा दमा, असं काहीतरी सांगून टाळायचो. खरं कारण असं की मी सातवीत असताना आपल्याकडे वाघ्या होता. काळा, छातीवर पांढरा ठिपका, शाळेपर्यंत सोडायला यायचा. त्याने शेजारच्यांच्या दोन कोंबड्या मारल्या म्हणून आजोबा चिडले आणि मला म्हणाले रात्रीचा बांधून ठेव. मीच बांधला, गोठ्याबाहेरच्या बाभळीला, साखळीने. सकाळी पट्टा होता, साखळी होती, आणि ओल्या मातीत पंजे उमटलेले. सुटा असता तर पळाला असता, घरात तरी घुसला असता, पण साखळी मी स्वतः दोनदा ओढून बघितली होती नीट बसली का म्हणून. आजोबा एक शब्द बोलले नाहीत मला, तेच जास्त लागलं. जाऊ दे.

तर सांगायचं म्हणजे बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपं जेवण. हे मी मनाने सांगत नाही, आपल्याच अकोले तालुक्यात विद्या अत्रेय मॅडम आणि त्यांच्या टीमने बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास केला होता, तर त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के कुत्री निघाली, शेळ्या त्याच्या खाली. आपण समजतो तो गाई वासरांवर टपलेला असतो. आणि मावळातही बिबट्या आहेच, लोहगड विसापूर तुंग तिकोना सगळीकडे झाडीच झाडी. शनिवारी तळ्याच्या कडेला एवढे टेंट आणि तो धांगडधिंगा असतो की तो जवळ येणार नाही बहुतेक, पण तीन वाजता गाणी बंद झाल्यावर कोण बघतंय. आमच्याकडे वाड्यावर उतरणारे धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायचे, कारण तो धरतो तो मानेलाच. तुला तसला पट्टा घालायला सांगत नाहीये, फक्त आत झोपव आणि टेंटची चेन पूर्ण लाव. रात्री तिला शू करायला न्यायचं तर दोघांनी जा, टॉर्च घेऊन, लीश हातात. मोकळी सोडायची नाही म्हणजे नाही, गवतात तोंड घालायची सवय असते कुत्र्यांना आणि घोणस थंडीतसुद्धा फिरते.

खाण्याचं. तुमचं बार्बेक्यू असणार, चिकनची हाडं तिला देऊ नका, शिजलेलं हाड फुटून सुरीसारखं होतं आणि घशात नाहीतर आतड्यात रुततं. त्या मसाल्यात कांदा लसूण असतो तो पण कुत्र्याला बाधतो. आणि आईने तुला द्राक्षांची पेटी पाठवलीय ती टेंटमध्ये उघडी ठेवू नकोस, द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्याच्या किडन्या जातात, हे मला आपल्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं, आम्ही लहानपणी काय काय घालायचो. तिचा नेहमीचा दहीभात नाहीतर जे काय देतेस ते डब्यात ने. कामशेतवरून जाणार ना, निघायच्या आधी तीन चार तास काही देऊ नकोस, गाडीत उलटी करेल आणि मग तो वास महिनाभर.

ॲन्टी रेबीज झालंय का? आणि ते सात रोगांचं एकत्र इंजेक्शन? तिथली गावातली कुत्री आपल्या हद्दीत दुसरं कुत्रं खपवून घेत नाहीत, भांडण होणारच. भांडणात मध्ये हात घालू नकोस, पाणी फेक नाहीतर चादर टाक. आणि तुला दात लागलाच, साधा ओरखडा जरी, तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धू आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद मिरची भरायची नाही, आजी सांगेल, ऐकू नकोस.

आल्यावर गोचीड बघ. कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायचा, रॉकेल वगैरे नाही. पुढच्या दोन तीन आठवड्यात सुस्त झाली, खाईना, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीड ताप समज आणि लगेच डॉक्टर, वेळेत गोळ्या चालू झाल्या तर बरं होतं.

पाण्यात तू तिच्या मागे उतरू नकोस. तिला पोहता येतं, तुला येत नाही, दोन महिन्यांचा क्लास लावला होता तो तू कसा बुडवलास ते मला माहितीय. कडेला गाळ असतो आणि पुढे एकदम खोल.

तू म्हणशील एवढं आहे तर भंडारदऱ्याला आपल्याकडेच आलो असतो. पण तिकडे कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, अभयारण्यात कुत्रं न्यायचं नसतं, आणि ते बरोबरच आहे. २०१८ ला गीरमध्ये वीसेक सिंह मेले त्यात डिस्टेंपर निघाला होता, कुत्र्यांचाच रोग तो. माणसं आपली रील काढायला कुत्रं घेऊन गडावर चढतात, मला बघवत नाही.

पहाटेला दव पडतं, टेंट आतून ओला होतो, तिच्यासाठी एक जुनी गोधडी ने. नवीन नेऊ नकोस, आईने ओळखली तर माझं नाव येईल.

आणि पुढच्या महिन्यात जत्रेला येशील तेव्हा घेऊन ये तिला. आजीला मी सांगितलंय की मनूने कुत्रं पाळलंय, ती म्हणाली घरात नको, बाहेर बांधा. मी म्हटलं माझ्या खोलीत झोपेल. त्यावर दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी, होईल ठीक.

टेंटवाल्याला फोन केलास की मेसेज टाक.

पप्पा